आधी पावती वाचा, मग गाडी लावा: सोलापुरातल्या पे अँड पार्कचा आढावा

सोलापुरात गाडी लावायचे पैसे मागणारे पाच-सहा तऱ्हेचे लोक आहेत आणि सगळ्यांच्या हातात पावतीपुस्तक मात्र सारखंच. स्टेशनबाहेरचा ठेकेदार रेल्वेच्या जमिनीवर उभा असतो, एसटी स्टँडवरचा महामंडळाच्या, तळघरातला मॉलच्या, दवाखान्याच्या फाटकावरचा एखाद्या ट्रस्टच्या. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या आसपास दोरी बांधून बसलेलं पोरगं कुणाच्या जागेवर बसलंय, हे त्यालाही सांगता येईलच असं नाही. दहा-वीस रुपयांसाठी कोण तोंड वाजवणार, म्हणून आपण पैसे देऊन मोकळे होतो. पण गाडी चोरीला गेली, आरसा फुटला किंवा दोन दिवसांचे चार दिवस लावले, की जागा कुणाची यावर सगळं अडतं. तक्रार कुठे करायची, कुठला कायदा लागतो, भरपाई कुणाकडे मागायची, हे त्यावरच ठरतं. म्हणून या सेवेत सगळ्यात आधी तपासायची ती पावती.

नेहमीची पावती बघा. दोन बोटं रुंद, पिवळट किंवा गुलाबी कागद, डाव्या कडेला फाडलेली भोकं, वर ‘पे अँड पार्क’, खाली ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’. गाडी नंबरची जागा रिकामी, वेळेची जागा रिकामी, तारखेचा रबरी शिक्का अर्धा उमटलेला. ठेकेदाराचं नाव नाही, पत्ता नाही, ठेका कुणी दिला ते नाही. अशा पावतीवरून तुम्ही पैसे दिले एवढं कळतं. कुणाला दिले, कुठल्या गाडीसाठी आणि किती वाजता, यातलं काहीच सिद्ध होत नाही. गाडी नंबर आणि वेळ घालून घ्यायला दहा सेकंद लागतात. ‘दहा रुपयाला कशाला लागतंय हो मालक’ असं उत्तर येईल, तरी घालून घ्यायचं. पावती मशिनची असेल तर लगेच फोटो काढा, कारण थर्मल कागदावरची छपाई उन्हात ठेवली की उडते आणि सोलापूरच्या मे महिन्यात डॅशबोर्डवर ती दुपारपर्यंतही टिकत नाही.

पावती द्यायलाच नकार दिला, तर तो नुसता उर्मटपणा राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये सेवेची पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून स्पष्ट लिहिली आहे. पैसे यूपीआयने देत असाल तर पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा. फलकावर एका एजन्सीचं नाव आणि क्यूआर कोडमागे भलत्याच माणसाचं खातं असेल, तर स्क्रीनशॉट ठेवायचा. पुढे ठेका देणाऱ्या कार्यालयाला दाखवायला याच्याइतका चांगला पुरावा नाही.

जीएसटीचं गणितही पावतीवरच कळतं. पार्किंगच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. ५० रुपये करासह असतील तर त्यात ४२ रुपये ३७ पैसे भाडं आणि ७ रुपये ६३ पैसे कर. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवादाराला नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर त्याला कर मागताही येत नाही. तेव्हा ‘जीएसटी वेगळा’ म्हणणाऱ्याच्या पावतीवर पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक असलाच पाहिजे. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६.

आता एकेक जागा. रेल्वे स्टेशनचं वाहनतळ इतरांपेक्षा बरं म्हणायला हवं, आणि त्याचं कारण सावली किंवा फरशी नव्हे. तिथे तक्रारीला पत्ता आहे. जमीन रेल्वेची, ठेका मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाचा, दर ठेक्यात ठरलेले. ठेकेदाराला ते मनाने वाढवता येत नाहीत. भांडण बहुतेक वेळा दरावरून होत नाही, वेळ मोजण्यावरून होतं. समजा सोमवारी रात्री दहाला गाडी लावून सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला गेलात आणि बुधवारी सकाळी सातला परत आलात. गाडी ३३ तास उभी होती. चोवीस तासांचा टप्पा धरला तर दोन टप्पे होतात. तारखेप्रमाणे मोजलं तर सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन. फलकावर ‘२४ तास’ लिहिलं असेल तर तिसरा दिवस लावता येत नाही. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन त्याच रात्री परतणाऱ्यांचं उलट होतं: सकाळी सहा ते रात्री दहा म्हणजे सोळा तास, आणि फलकावर बारा तासांचा टप्पा असेल तर दुसरा टप्पा लागणार, त्यात ठेकेदाराची चूक नाही. म्हणून गाडी लावतानाच दरफलकाचा फोटो काढायचा, म्हणजे परत आल्यावर दुसराच फलक दाखवला तरी अडचण येत नाही. माणसाला नुसतं सोडायला आला असाल तर थांबण्याची मोफत मिनिटं किती, हेही त्याच फलकावर बघा. तिथली मिनिटं उलटली की पैसे मागायचा हक्क तयार होतो.

जास्त पैसे घेतले तर स्टेशन मास्तरच्या तक्रारवहीत नोंद करा, शिवाय १३९ वर किंवा रेल मदद ॲपवर. ॲपवर पावतीचा आणि फलकाचा फोटो एकत्र जोडला तर ‘चौकशी चालू’ म्हणून विषय लांबवणं अवघड जातं. आणखी एक. स्टेशनच्या आवारात वाट अडवून गाडी लावली आणि रेल्वे कर्मचाऱ्याचं ऐकलं नाही, तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५९ खाली दंड होऊ शकतो. तो रेल्वेचा अधिकार झाला. पावती फाडणाऱ्या पोराचा तो नाही.

एसटी स्टँडचं गणित असंच, फक्त ठेका देणारं महामंडळ आणि तक्रार आगार व्यवस्थापक किंवा विभाग नियंत्रकाकडे.

मॉल आणि मल्टिप्लेक्समध्ये खरी गुंतागुंत आहे. इथे जागा खाजगी, पण ती पार्किंगची जागा मालकाने मेहरबानी म्हणून दिलेली नसते. इमारतीला परवानगी मिळताना ठरावीक संख्येने वाहनतळ दाखवावं लागतं. सोलापूर महापालिकेच्या हद्दीत डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि तिच्यात चारचाकीची जागा २.५ मीटर बाय ५ मीटर, दुचाकीची १ मीटर बाय २ मीटर अशी मापं आहेत. मोजपट्टी घेऊन जायची गरज नाही. शेजारच्या गाडीचं दार उघडलं की आपल्या दाराला लागत असेल तर समजायचं, आखणी दाटीवाटीने केली आहे. नकाशात पार्किंग आणि प्रत्यक्षात गोदाम, जनरेटर किंवा खाण्याचे स्टॉल, हा प्रकार असेल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत माहिती अधिकारात महापालिकेकडे मागता येते. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. वापर बदलल्याचं त्यातून दिसलं तर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायदा १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस काढणं हे महापालिकेचं काम आहे.

सक्तीने बांधायला लावलेल्या जागेचे पैसे घेता येतात का, याचं उत्तर राज्याप्रमाणे बदलतं आणि इथेच लोकांचा घोळ होतो. व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘मॉलमध्ये पार्किंग मोफत, हायकोर्टाचा आदेश’ हा मजकूर गुजरातचा आहे. तिथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै २०१९ मध्ये मॉल-मल्टिप्लेक्सना पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत असं म्हटलं. तो निकाल तिथल्या नियमांवर बेतलेला आहे. सोलापुरातल्या मॉलच्या फाटकावर तो छापून नेला तर सुरक्षा रक्षक हसेल, आणि त्याचं चुकणार नाही. आपल्या कोर्टात तो दाखला म्हणून मांडता येतो, बंधनकारक म्हणून नव्हे.

तेलंगणाचं वेगळं, आणि सोलापूरकरांना ते माहीत असायलाच हवं. निम्म्या पूर्व भागाचं हैदराबादला जाणं-येणं आहे. तिथल्या सरकारच्या आदेशाप्रमाणे १ एप्रिल २०१८ पासून मॉल, मल्टिप्लेक्स आणि व्यापारी संकुलांत पहिली ३० मिनिटं कुणालाही मोफत. अर्धा तास ते एक तास असेल तर तिथल्या खरेदीचं कुठलंही बिल दाखवायचं, पैसे नाहीत. तासाच्या पुढे गेलात तर बिलाची किंवा सिनेमाच्या तिकिटाची रक्कम पार्किंगच्या आकारापेक्षा जास्त असली की तेव्हाही मोफत. पुढे २०२१ मध्ये एकपडदा चित्रपटगृहांना पैसे घ्यायची मुभा दिली गेली, तेवढा अपवाद. व्यवहारात अडचण इतकीच होते की लोक बिल खिशात ठेवून मुकाट पैसे देतात. बिल काउंटरवर बाहेर निघण्याआधी दाखवून पार्किंगच्या तिकिटावर शिक्का घ्यायचा. बूम बॅरियरपाशी मागे दहा गाड्या उभ्या असताना बिल शोधत बसलात तर कुणी ऐकून घेत नाही. महाराष्ट्रात असा राज्यभराचा आदेश नाही. सोलापुरात बिल दाखवून पार्किंग माफ होत असेल तर ती त्या मॉलची सवलत, तुमचा हक्क नव्हे. कर्नाटकात विजयपूर-कलबुर्गीकडे गेलात तर तिथला स्थानिक फलक वाचायचा. ग्राहक कायदा मात्र केंद्राचा असल्यामुळे तिन्ही राज्यांत एकच.

दवाखान्यांबद्दल थोडक्यात: आयसीयूत पेशंट असेल तर दर फेरीला पैसे देऊ नका, नातेवाइकांचा पास आहे का ते बिलिंग काउंटरवर विचारा. फाटकावरचा माणूस स्वतःहून सांगत नाही. पास नसेल तर दिवसाचा एकच आकार घ्या म्हणून लेखी मागा. पेशंटच्या माणसाकडून दिवसात चारदा पैसे घेणारी व्यवस्था वाईटच, मग ती कितीही कायदेशीर असो.

आता त्या ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या ओळीकडे. ही ओळ छापली म्हणजे ठेकेदार सुटला, असा सार्वत्रिक समज आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १४८ ते १५२ प्रमाणे, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या ताजमहल हॉटेलच्या खटल्यात हेच लावलं. १९९८ मध्ये पाहुण्याने किल्ली देऊन लावायला दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. तिकिटावर जबाबदारी नाकारणारी ओळ होती. न्यायालयाने म्हटलं की ताबा घेतल्यावर स्वतःच्या किंवा नोकराच्या हलगर्जीपणाची जबाबदारी अशा ओळीने झटकता येत नाही, आणि काळजी घेतली होती हे दाखवणं हॉटेलवर आहे.

पण हा निकाल सगळीकडे सारखा चालत नाही. सगळा भर ताब्यावर आहे. किल्ली दिली असेल तर तुमची बाजू भक्कम. किल्ली खिशात ठेवून स्वतः गाडी लावली आणि स्वतः काढली, तर समोरचा म्हणेल की मी फक्त जागा भाड्याने दिली. मधली स्थिती म्हणजे टोकन: टोकन परत दिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाऊ देत नसतील, तर ताबा त्यांच्याकडे होता असं म्हणायला जोर येतो. म्हणून टोकन आणि एकच रखवालदारी फाटक असलेली जागा दहा रुपये महाग असली तरी घ्यावी. चारी बाजूंनी उघड्या मोकळ्या प्लॉटपेक्षा ती कधीही स्वस्त पडते. हेल्मेट, डिकीतला माल, मोबाइलचा स्टँड यांची नोंद पावतीवर नसते, तेव्हा त्यांची भरपाई मागणं जवळपास फोल. हेल्मेट सीटखालच्या हुकाला अडकवा नाहीतर हातात घ्या.

दंडाचं वेगळं सांगायला हवं, कारण ‘टोकन हरवल्यास ५०० रुपये दंड’ असे फलक सर्रास दिसतात. दंड करायचा अधिकार कायद्याने ज्याला दिला त्यालाच असतो. नो पार्किंगचा दंड वाहतूक पोलीस मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली करतात: पहिल्यांदा ५००, पुढच्या वेळी १५००, आणि तो ई-चलनाने येतो, महाट्रॅफिक ॲपवर दिसतो. खाजगी वाहनतळाचा असा काही दंड ॲपवर येत नाही. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने आलेली एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी, फाइल उघडली तर बँक खातं रिकामं होऊ शकतं. टोकन हरवलं तर ठेकेदाराला करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई मागता येते, म्हणजे टोकनची किंमत आणि गाडी किती वेळ उभी होती त्याचं भाडं. आरसी किंवा डिजिलॉकरवरची प्रत आणि ओळखपत्र दाखवा, लेखी नोंद करा, वेळेसाठी कॅमेऱ्यातलं चित्रण बघायला सांगा. पाचशे मागत असतील तर ‘दंड’ असं लिहिलेली सही-शिक्क्याची पावती मागा. बहुतेक वेळा रक्कम तिथेच खाली येते.

चाकाला जॅमर लावून पैसे मागणं हे याहून गंभीर. खाजगी माणसाला जॅमर लावायचा अधिकार देणारी तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. वाद घालत बसू नका; जॅमरचा, जवळच्या फलकाचा आणि पैसे मागणाऱ्याचा व्हिडिओ घ्या आणि ११२ ला फोन लावा. पैसे देऊन सुटायचंच असेल तर यूपीआयने द्या आणि शेऱ्यात ‘हरकत नोंदवून’ लिहा. मात्र दुसऱ्याच्या फाटकासमोर किंवा रुग्णवाहिकेच्या वाटेत गाडी लावली असेल तर पोलीस आधी तुमच्याकडेच वळतील, हेही धरून चला.

गड्डा यात्रा, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरची वारी इथे पार्किंग म्हणजे घरामागचं अंगण, शाळेचं मैदान, नाहीतर कापणी झालेलं रान. पैसे घ्यायला मालकाला कुणी अडवत नाही, ती त्याची जागा आहे. त्रास होतो तो दर आधी न ठरवल्याने: जाताना ‘द्या काय द्यायचं ते’, येताना शंभर. आत शिरण्याआधी दर, किती तासांसाठी आणि रात्री फाटक किती वाजता बंद होतं हे विचारा. रस्त्यावर मात्र गणित उलट. सार्वजनिक रस्त्यावर पैसे घ्यायचे तर पालिकेचा ठराव आणि ठेका लागतो. तिथे पावतीवर नगरपरिषदेचं किंवा महापालिकेचं नाव नसेल तर पैसे द्यायचं कारण नाही. शहरात यात्रेच्या दिवसांत पोलीस आयुक्तालय वाहनतळांच्या जागा जाहीर करतं. त्या यादीतली जागा घेतलेली बरी.

पोरं इंग्लंडात असणाऱ्यांना तिथल्या नोटिशींचं कोडं पडतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी पार्किंग कंपनीला २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याने एक हत्यार दिलंय: गाडी कोण चालवत होतं ते सांगितलं नाही, तर ज्याच्या नावावर गाडी नोंदवली आहे त्याच्याकडून पैसे वसूल करता येतात. त्यासाठी काचेवर नोटीस लावली नसेल तर टपालाची नोटीस १४ दिवसांच्या आत पोचली पाहिजे. स्कॉटलंडला ती तरतूद लागू नाही, तिथे चालकाचाच मागोवा घ्यावा लागतो. पार्किंग कंपन्यांच्या व्यावसायिक संहितेप्रमाणे कमाल मर्यादा १०० पौंड आणि १४ दिवसांत भरले तर ४० टक्के सूट. खाजगी जागेवर जॅमर लावणं इंग्लंड-वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद आहे, स्कॉटलंडमध्ये त्याच्या कितीतरी आधी. पण नोटीस फेकून द्यायची चूक नको: २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ८५ पौंडांचा असा आकार वैध ठरवला आहे. काउन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, नोटीस आली तर मात्र तो खरा दंड, त्याची वाट वेगळी.

परत सोलापूर. तक्रार पुढे न्यायची झाली तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. फोन उचलल्यावर मिळणारा क्रमांक लिहून ठेवा. मोठ्या रकमेसाठी, म्हणजे चोरी, मोडतोड, नाकारलेली भरपाई, जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, मुदत घटनेपासून दोन वर्षं. सगळ्यात उपयोगाची तरतूद कलम ३४ मध्ये आहे: तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हैदराबादच्या मॉलने किंवा पुण्याच्या हॉटेलने गाडीचं नुकसान केलं तरी तक्रार सोलापूरच्या आयोगात चालते, आणि तिकिटामागे बारीक अक्षरात ‘न्यायक्षेत्र फक्त हैदराबाद’ छापलेलं असलं तरी. सोबत जोडायचे कागद: पावती, दरफलकाचा फोटो, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चोरी असेल तर एफआयआर, दुरुस्तीचं बिल, आणि ठेकेदाराला पाठवलेल्या ईमेल किंवा रजिस्टर पत्राची पोच. विमा कंपनीला लगेच कळवा. उशीर झाला तर दावा तिथेच अडतो. निकालाला कायद्यात तीन महिने लिहिले आहेत, प्रत्यक्षात त्याहून जास्त धरा. वीस रुपयांच्या जादा वसुलीसाठी एकट्याने आयोगात जाण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा ठेका देणाऱ्या कार्यालयाकडून माहिती अधिकारात ठेक्याची प्रत, मंजूर दर आणि जादा वसुलीवरच्या कारवाईचं कलम मागवा, आणि त्या प्रतीची झेरॉक्स ठेकेदाराच्या टेबलावर ठेवा.